वरचा धागा

"हे दोघींचं काम आहे," असं म्हणून अन्नपूर्णाबाईंनी माझ्या गोधडीला टाचलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर उपडी ठेवली. चिठ्ठीवर माझं नाव होतं. ह्यांचा टाक घेऊन, तीन कागद फुकट घालवून मी ते लिहिलं होतं: सौ. कोकिळा वामनराव, बुलढाणे. मुलींच्या शाळेतला मोठा वर्ग रिकामा करून तिथे बायकांच्या हस्तकामाचं प्रदर्शन मांडलं होतं आणि अन्नपूर्णाबाई त्या शाळेच्या हेडबाई, म्हणून परीक्षकही त्याच. नियम साधा होता. एक वस्तू, एक बाई, एक नाव. दोघीतिघींनी मिळून केलेल्या वस्तू पलीकडच्या खोलीत ठेवायच्या, त्यांना नंबर नाही. पहिल्या नंबराची वस्तू नागपूरच्या प्रदर्शनाला जाणार होती, चिठ्ठीसकट. पहिला नंबर माझाच आहे हे मला सकाळी अंघोळ करतानाच माहीत होतं, लाजून खोटं कशाला सांगू. आणि आता ती चिठ्ठी उपडी पडली होती आणि बाईंचं बोट माझ्या गोधडीवर एका चौकोनावरून दुसऱ्यावर फिरत होतं. वर्गात एवढ्या बायका असून फक्त बाईंच्या बांगडीचा आवाज येत होता असं मला वाटलं, पण तसं नसणार. कोपऱ्यात कुणीतरी लोणच्याच्या बरण्यांवरून भांडत होतं.

बाईंनी समजावून सांगितलं, मुलींना सांगतात तसं. फुलीचा टाका म्हणजे दोन धागे, एकावर एक. खालचा धागा एका बाजूला कलतो, वरचा त्याच्यावरून आडवा दुसऱ्या बाजूला. एका बाईचा वरचा धागा कायम एकाच बाजूला कलतो, कारण हाताला तेच वळण असतं. "या राजहंसात वरचा धागा डावीकडे झुकलाय. आणि या बोंडात उजवीकडे. बघा ना, उजेडात धरून बघा." मी बघितलं. खरंच होतं. चौदा महिने ज्या कापडाला मी नाक लावून बसले, ज्याच्या मागच्या बाजूलासुद्धा एक गाठ दिसू दिली नाही, त्यात ही गोष्ट मला दिसली नव्हती. मी बोंड बघत होते, हंस बघत होते. धागा कुठे कलतो ते कोण बघतं. ज्या बाईला आपल्या कामाचा एवढा ताठा तिला हे दिसू नये याचंच मला आधी वाईट वाटलं. बाकीचं कळायला थोडा वेळ लागला. दोन्ही तऱ्हा माझ्याच होत्या. हंस उजव्या हातानं केला होता आणि बोंड डाव्या.

गोधडी आता टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती आणि लोक बघत होते. बघू देत, बघण्यासारखीच होती. आमच्याकडे गोधडी म्हणजे जुनी लुगडी, धोतरं, हाताला येईल तो तुकडा, आणि वरून धावदोरा. मी तशी केली नव्हती. ह्यांनी कचेरीतून चौकटीचा कागद आणला होता, मागे मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारचा छाप असलेला, त्यावर मी आधी सगळी गोधडी काढली. दुसुतीच्या जाड कापडाचे छत्तीस चौकोन, प्रत्येकात फुलीच्या टाक्याचं एक चित्र. चौकोनांच्या मधे रंगीत कापडाच्या पट्ट्या, निळ्याशेजारी कधी हिरवी येणार नाही अशा बेतानं. पट्ट्यांसाठी कापड बिलकिसनं दिलं. ती आमच्या भिंतीपलीकडची, तिचे मालक रहेमतुल्ला शिंपी. कोटांच्या अस्तरातून उरलेलं कातरण ती माझ्यासाठी रंगावारी वेगळं बांधून ठेवायची. चित्रांसाठी छापील नमुन्यांचं एक पुस्तक होतं, त्यात विलायती गुलाब, राजहंस, टोपलीत बसलेलं मांजराचं पिल्लू. पण सगळी चित्रं त्यातली नव्हती. कापसाची बोंडं माझी होती, मिटलेलं, उललेलं आणि वेचून रिकामं झालेलं. ज्वारीचं कणीस माझं होतं. राजूरच्या घाटातून खाली उतरणारी सर्व्हिस मोटर माझी होती, तिच्या टपावरच्या गाठोड्यांसकट. अशी मोटर कुठल्या पुस्तकात नाही. चाकं फुलीच्या टाक्यात गोल दिसत नाहीत, पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या चाकांसाठी मी आठ दिवस उसवत आणि शिवत होते. शेवटी ती फिरतील अशी दिसायला लागली.

डावा हात माझा जन्मापासूनचा. अमडापूरला, माहेरी, सगळे मला डावरी म्हणायचे आणि आळीतली पोरं त्याचं गाणं करून म्हणायची. माय, म्हणजे गोजरबाई, चार घरच्या गोधड्या शिवून द्यायची. जेवायला, दिवा लावायला, कुणाला काही द्यायला उजवा हात, यात तिनं कधी सूट दिली नाही, चिमटेसुद्धा काढले. पण गोधडीला तिला माझा डावाच हात पाहिजे होता. गोधडीला बसायची एक रीत असते. उजव्या हाताची बाई उजवीकडून डावीकडे टाके घालत सरकते. तशा दोघी समोरासमोर बसल्या तर एक इकडे जाते, दुसरी तिकडे, आणि कापड मधे चुरगळून फुगा येतो. म्हणून दोघींनी शेजारी शेजारी बसायचं, एकीनं पुढे, दुसरीनं तिच्या मागे. पण डावरी समोर बसली की ती डावीकडून उजवीकडे जाते, आणि समोरच्या बाईची तीच दिशा असते. दोघी तोंडाला तोंड देऊन एकाच बाजूला सरकतात, कापडाला सुरकुती पडत नाही. मायला हे कुणी शिकवलं नव्हतं, मी सात वर्षांची असताना तिला ते एका दुपारी दिसलं आणि ती हातातली सुई तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू माह्या समोर बसत जाय." त्यानंतर लग्नापर्यंत मी तिच्या समोर बसले. मान वर केली की तिचं कपाळ दिसायचं. ती नेहमी बोटभर पुढे असायची आणि मला म्हणायची, "चाल लवकर, मांगं राहू नोको." माझं स्थळ ठरलं तेव्हा मात्र तिनं मला आत बोलावून सांगितलं की हा हात सासरी दाखवायचा नाही. तिनं ते रागानं सांगितलं नाही, दागिना कुठे लपवायचा ते सांगावं तसं सांगितलं.

"कोकिळाबाई," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "यात कमीपणा काही नाही. दुसरी कोण ते सांगा, म्हणजे दोघींची नावं घालून पलीकडे ठेवू." त्या पुण्याच्या, दोन वर्षांपूर्वी आलेल्या. आमच्या बोलण्याला हसायच्या नाहीत, एवढं त्यांचं मला आवडायचं. पण मराठी अशी बोलायच्या की समोरच्याला आपल्या पायाला माती लागली आहे असं वाटावं. हे शेजारी येऊन उभे होते. नक्कलनवीस माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला करतो, भांडण त्यांना फक्त कागदावर सोसतं. माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले की सासूचं नाव सांगून टाक, सासूसुनेनं मिळून केली म्हणतील, उलट चांगलंच दिसेल. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. खरंच चांगलं दिसलं असतं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, पदर कपाळापर्यंत ओढून खिडकीशी बसल्या होत्या. त्याही गोधड्या शिवणाऱ्या, गावात नाव असलेल्या. ह्यांनी काही म्हणायच्या आत अन्नपूर्णाबाईंनीच त्यांना विचारलं, "रुखमाबाई, तुम्ही मदत केलीत ना सुनेला?"

आत्याबाई उठल्या नाहीत. "म्या एक टाकाही नाही घातला तिच्यात," त्या म्हणाल्या. "खोटं कायले सांगू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी सगळं निभावलं असतं. राग आला नाही, आला तो अभिमान, आणि तो त्यांचा की माझा हे मला नीट सांगता येणार नाही. बाई खोटं बोलली नाही. आता त्या वर्गात माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. अर्धी गोधडी माझी नाही असं म्हणायचं, नाहीतर हात दाखवायचा. आत्याबाईंच्या समोर, ह्यांच्या समोर, साऱ्या गावाच्या समोर. ह्या घरात आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी विसरून डाव्या हातानं काड्यांची पेटी पुढे केली होती. आत्याबाईंनी ती घेतली नाही. म्हणाल्या, "आमच्या घरात डाव्या हाताले एकच काम आहे." त्या दिवसापासून सात वर्षं मी उजव्या हातानं राहिले. उजव्यानं लाटलं, उजव्यानं वाढलं, आत्याबाईंच्या शेजारी, त्यांच्या मागे, उजव्यानं गोधड्या शिवल्या. उजवा शिकला. शहाणा हात आहे तो, सांगितलेलं सगळं करतो. पण स्वतःहून कधी काही करत नाही. आणि दुपारी आत्याबाई झोपल्या की मी माजघराचं दार लोटून घ्यायची आणि सुई या हातातून त्या हातात घ्यायची. ते कसं वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दिवसभर परक्यांत बोलून घरी यावं आणि चप्पल काढावी, तसं. फक्त बिलकिसला ठाऊक होतं, ती एकदा कातरण घेऊन मागच्या दारानं आली आणि मी हात लपवेपर्यंत उशीर झाला. ती हसली नाही. "लपवते काय को? माझी सास तर माझ्या सायपाकाला नाव ठेवते, तोंड का लपवू मी?" असं म्हणून ती कातरण ठेवून गेली. ती आता वर्गाच्या दाराशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं नजर खाली घातली. ती बोलणार नव्हती. ते सांगायचं काम माझंच होतं.

अन्नपूर्णाबाई एव्हाना कामाला लागल्या होत्या. ज्या चौकोनात वरचा धागा डावीकडे, त्यावर त्या एकेक टाचणी टोचत होत्या, म्हणजे वाटणी करता येईल. राजहंसाला टाचणी. गुलाबाला टाचणी. टोपलीतल्या मांजराला टाचणी. दुसऱ्या गुलाबाला टाचणी. चौदा टाचण्या झाल्या आणि बाई थांबल्या. बोंडाला नव्हती, कणसाला नव्हती, मोटरला नव्हती. मी एकेक चौकोन परत बघितला. टाचणी लागलेलं प्रत्येक चित्र पुस्तकातलं होतं आणि बाकीचं प्रत्येक माझं. मी असं ठरवून केलं नव्हतं. आत्याबाई समोर असल्या की पुस्तक उघडून बसायचं, हे सोपं होतं, पुस्तकातलं चित्र कुणीही बघितलं तरी चालतं. आणि दार लोटलं की हात कागदाकडे जायचा. चौदा महिन्यांचे दिवस तिथे टेबलावर मांडलेले होते, कुठल्या दिवशी घरात कोण होतं ते मला एकेका चौकोनावरून सांगता आलं असतं. आणि बाईंना वाटत होतं की अर्धं काम कुणा दुसऱ्या बाईचं आहे. हंसांवर मी पाणी सोडलं असतं, खरंच. हंस त्यांनी कुणाच्याही नावावर घातले असते तरी मला चाललं असतं. पण त्या टाचण्या टोचून झाल्यावर बाई मोटरवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हिचा हात फार छान आहे. ही कोण?"

त्या "ही कोण"नं सगळं ठरलं. माझी मोटर, आठ दिवस उसवलेली चाकं, आणि त्या मलाच विचारत होत्या की ही कोण. मी म्हटलं, दुसुतीचा तुकडा द्या. बाईंच्या टेबलावर मुलींच्या शिकवणीचा तुकडा होता, सुई होती, लाल दोरा होता. मी बाकावर बसले. आधी उजव्या हातानं चार फुल्या घातल्या, नीट, शहाण्या. मग सुई डाव्या हातात घेतली. वर्गात कुणीतरी "अगं बाई" म्हटलं आणि कुणीतरी हसलं, एक छोटंसं, नाकातलं हसू. उजव्या हाताच्या वेळी मी टाके मोजत होते, आता मोजायची गरज नव्हती, आणि चार घालायच्या त्या मी नऊ घातल्या, कारण थांबावंसं वाटलं नाही. लोकांनी बघावं असं मला वाटत होतं. सात वर्षं ज्याची मी चोरी केल्यासारखी काळजी घेतली ते उघड्यावर करताना मला लाज वाटेल असं मी धरून चालले होते. लाज आली नाही. मी चांगली दिसत असेन असं माझ्या मनात आलं. मग तुकडा बाईंना दिला आणि मान वर केली. आत्याबाई खिडकीशी नव्हत्या. त्या उठून टेबलापाशी आल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होत्या.

अन्नपूर्णाबाईंनी तुकडा उजेडात धरला. मग गोधडी बघितली, परत तुकडा बघितला. चौदा टाचण्या त्यांनी एकेक करून काढल्या, आणि उपडी चिठ्ठी सुलटी करून जागच्या जागी टाचली. चूक झाली, असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, त्याबद्दल मी त्यांना मानते. पण पहिला नंबर दिला नाही. फुल्यांचा वरचा धागा सगळीकडे एकाच बाजूला पडला पाहिजे, हा पहिला धडा आहे, तो सोडता येत नाही म्हणाल्या. दुसरा नंबर दिला. पहिला एका जाळीच्या टेबलक्लॉथला मिळाला, अगदी निर्दोष, आणि आता तो कसा होता ते मला आठवत नाही. चिठ्ठीवर दोनचा आकडा घालताना बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सगळी एकाच हातानं करा." कुठल्या, असं मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी टाक खाली ठेवला आणि गोधडीकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मोटर ज्या हातानं केलीत, त्या."

घरी जाताना हे पुढे, मी आणि आत्याबाई मागे. ह्यांची पाठ बघून मला कळत नव्हतं की ते रागावले आहेत की नुसते जरा घाईनं चालत आहेत. आत्याबाईंचा उजवा हात पदराखाली हलत होता, चिमटीत काही धरल्यासारखा, जरा पुढे, जरा मागे. मला वाटलं माळ ओढत असतील. घरी आल्यावर मी उजव्या हातानं चहा केला, उजव्या हातानं दिला. त्यांनी घेतला, प्याल्या, कप खाली ठेवला. ठेवताना म्हणाल्या, "वाढाचं, पुजेचं, समदं उजव्यानंच करजो."

"हाव," मी म्हटलं.

त्या पुढे काही बोलतील म्हणून मी थांबले, पण त्या उठून आत गेल्या. आतून जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. दोन हिवाळे आम्ही घरच्या पांघरुणाची गोधडी करू करू म्हणत होतो, त्याचं ते गाठोडं. ओसरीवर अजून ऊन होतं. त्यांनी लुगड्यांचे थर अंथरले, तळहातानं सुरकुत्या काढल्या, कडेला बसल्या, सुईत दोरा ओवला. मी नेहमीसारखी त्यांच्या शेजारी, जरा मागे बसायला गेले. सात वर्षांची सवय.

"इथं नोको," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी सुईनं गोधडीची पलीकडची बाजू दाखवली. "माह्या समोर बस."

मी तिथेच उभी राहिले. रस्ताभर पदराखाली त्यांची चिमटी का हलत होती ते मला तेव्हा कळलं. मायला जे दिसायला एक दुपार लागली होती ते ह्या बाईनं चालता चालता बोटांवर लावून बघितलं होतं, एकीची सुई कुठून कुठे जाते, दुसरी समोरून कशी येईल. गोधडीची बाई ती. सून डावरी निघाली याचं त्यांना काय वाटलं ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही सांगितलं नाही. मी पलीकडे जाऊन बसले. सुई डाव्या हातात घेतली. आम्ही निघालो, त्या तिकडून, मी इकडून, दोघींचे दोरे एकाच दिशेनं, आणि मधे कापड सपाट पडून राहिलं, एक फुगा नाही. मान वर केली तर त्यांचं कपाळ दिसलं. मायचं कपाळ नव्हतं ते, रुंद होतं, त्यावर देवीचे दोन व्रण होते, इतक्या वर्षांत मी ते समोरून कधी बघितलेच नव्हते. माझा हात पळत होता. पहिली ओळ संपायच्या आत मी बोटभर पुढे गेले, मग वीतभर.

"हळू चाल वं," आत्याबाई मान खाली घालूनच म्हणाल्या. "मले येऊ दे."

मी सुई कापडात टोचून ठेवली आणि त्या येईपर्यंत थांबले.